एकाच डोळ्याचे पाणी

या सदरातून आपली गाठ पडते ती बहुधा ठेवी, नामनिर्देशन, इच्छापत्र अशा विषयांच्या निमित्ताने. बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाने डोळ्यांच्या रचनेवर लिहावे, हे काही वाचकांना अनधिकार वाटण्याचा संभव आहे. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडले ती मुळात आवक-जावकेच्या हिशेबातील चूक होती, आणि ती वर्षानुवर्षे आम्हां साऱ्यांच्या डोळ्यांदेखत होत राहिली. तशीच चूक अन्य घरांतही होत असते, हे डॉक्टरांशी बोलताना कळले. म्हणून हा लेख.

माझे थोरले बंधू सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे व्यापारी होते. ते गेले त्याला आता सात वर्षे होतील. त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच वहिनींचा डावा डोळा पाणावू लागला. बोलता बोलता त्या पदराच्या टोकाने डोळ्याची कड टिपीत. आम्ही समजलो, दुःख अजून ओसरलेले नाही. मी साताऱ्याहून सांगलीस जाई तेव्हा बंधूंचा विषय कटाक्षाने टाळी. सुनांनी त्यांना यात्रेला नेले, नातवंडांना त्यांच्या खोलीत झोपवले. ‘मनाला लावून घेऊ नका’ असे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने सांगितले. डोळा मात्र कोणीच पाहिला नाही.

गेल्या वर्षी पर्युषण संपल्यावर, दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू झाल्याने, मी त्यांना मिरजेच्या एका नेत्ररुग्णालयात घेऊन गेलो. नातीचे लग्न तीन महिन्यांवर आले होते आणि तोवर डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया उरकावी असा बेत होता. डॉक्टरबाईंनी तपासताना डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, नाकाच्या मुळावर, बोटाने हलकेच दाबले. त्याबरोबर डोळ्यात पिवळसर पू उतरला.

“किती दिवस पाणी येते आहे?” त्यांनी विचारले.

वहिनींच्या आधी मीच उत्तर दिले, “सहा वर्षे. आमचे बंधू गेल्यापासून. त्या फार हळव्या आहेत.”

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, “काका, दुःखाचे पाणी दोन्ही डोळ्यांतून येते. यांचे एकाच डोळ्यातून येते आहे.”

मोतिबिंदूची शस्त्रक्रिया त्या दिवशी झाली नाही. का झाली नाही, हे समजण्यासाठी डोळ्याच्या परिसराची ओळख करून घ्यावी लागते. डॉक्टरबाईंना अनेक प्रश्न विचारून आणि काही वाचून मी जी ओळख करून घेतली, ती आपणांपुढे ठेवतो.

डोळ्याची खोबण

सांगलीजवळ हरिपूरची हळदीची पेवे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. २००५ च्या महापुरात त्यांतील बरीच निकामी झाली, पण त्यांची रचना जुन्या व्यापाऱ्यांच्या स्मरणात असेल. वर तोंड अरुंद, आत पोट मोठे. डोळ्याची खोबण साधारण अशीच, केवळ आडवी ठेवलेली. तिच्या कडेपेक्षा आत सुमारे एक ते दीड सेंटिमीटरवर ती अधिक रुंद असते आणि पुढे निमुळती होत मेंदूच्या दिशेने जाते. कवटीची सात हाडे एकत्र येऊन ती घडते. खोली सुमारे चार ते साडेचार सेंटिमीटर आणि आतील जागा सुमारे तीस मिलिलिटर. त्यांपैकी नेत्रगोल व्यापतो जेमतेम सात मिलिलिटर. उरलेल्या जागेत चरबीची गादी, डोळा फिरवणारे सहा स्नायू, पापणी उचलणारा एक स्नायू, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. तिजोरीत दागिना मखमलीत ठेवावा, तसा डोळा चरबीत ठेवलेला असतो.

ही तिजोरी सर्व बाजूंनी सारखी मजबूत नाही. पुढची कड भक्कम असते. म्हणूनच ठोसा किंवा मोठा चेंडू लागला तरी मार बहुधा कडेवर बसतो आणि डोळा वाचतो. नाकाच्या बाजूची भिंत मात्र इतकी पातळ की शरीरशास्त्रज्ञांनी तिला लॅटिनमध्ये ‘कागदी पत्रा’ अशा अर्थाचे नाव दिले. खालची भिंतही पातळच. जोराचा आघात झाला तर ती खाली गालाच्या पोकळीत फुटते, कधी स्नायू त्या फटीत अडकतो आणि माणसाला एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. खेळताना डोळ्याला मार लागलेल्या मुलाने ‘दोन-दोन दिसते’ असे म्हटले, तर केवळ बर्फ लावून थांबू नये.

पातळ भिंतींचा धोका २०२१ साली महाराष्ट्राने फार जवळून पाहिला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे रुग्ण आढळू लागले आणि त्या वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली आणून त्याची नोंद ठेवण्यास सांगितले. ही बुरशी नाकात व सायनसच्या पोकळ्यांत शिरून तेथून डोळ्याच्या खोबणीत उतरत असे. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा असलेल्या रुग्णांना ती अधिक झाली. जीव वाचवण्यासाठी काहींच्या खोबणीतील डोळ्यासह सर्व काही काढावे लागले. पेढीवर बैठे काम करणाऱ्या आपल्या समाजात मधुमेह घरोघरी आहे. मधुमेही व्यक्तीचा चेहरा एका बाजूने दुखू लागला, डोळा सुजला, नाकातून काळपट स्राव आला, तर तो दिवस दुकानात काढण्याचा नव्हे, रुग्णालयात जाण्याचा असतो. लहान मुलास सर्दीनंतर ताप येऊन एक डोळा लाल, सुजलेला व पुढे आलेला दिसला, तरी हाच नियम.

पापण्या

शरीरातील सर्वांत पातळ त्वचा पापणीची. तिच्या आत एक चिवट तंतुमय पट्टी असते, जिच्यामुळे पापणीला आकार राहतो. या पट्टीत वरच्या पापणीत तीस ते चाळीस आणि खालच्या पापणीत वीस ते तीस सूक्ष्म तेलग्रंथी उभ्या रांगेत असतात व त्यांची तोंडे पापणीच्या कडेवर उघडतात. सतराव्या शतकातील जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यांनी त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. पापणीच्या कडेवरील ग्रंथीला जंतुसंसर्ग झाला की रांजणवाडी होते. तिला स्वच्छ फडक्याचा कोमट शेक द्यावा, पिळू नये. वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासावी आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

पापणी मिटवणारा स्नायू वेगळा, उघडणारा वेगळा, आणि त्यांना आज्ञा देणारे मज्जातंतूही वेगवेगळे आहेत. बँकेच्या तिजोरीला दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या असतात, तशीच ही व्यवस्था. त्यामुळे कोणता कारभार बंद पडला, यावरून दोष कोठे आहे हे डॉक्टरांना कळते. चेहऱ्याचा अर्धांगवायू झाला की पापणी मिटत नाही. बुबुळावरील पारदर्शक पटल उघडे राहून सुकते आणि त्यावर जखम होऊ शकते. याउलट पापणी एकाएकी खाली पडली, सोबत डोकेदुखी किंवा दोन-दोन दिसणे असेल, तर कारण मधुमेहाचे असेल किंवा मेंदूतील रक्तवाहिनीचे. निदान त्याच दिवशी व्हावे लागते.

आपण मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापण्या मिटतो. सोळा तास जागेपणाचे धरले, तर हिशेब चौदा हजार चारशेवर जातो. प्रत्येक मिटण्यात पापणी डोळ्यावरून पाण्याचा नवा पातळ थर फिरवते आणि जुने पाणी आतल्या कोपऱ्याकडे ढकलते. मोबाइल किंवा संगणकाकडे एकटक पाहताना हे मिटणे बरेच कमी होते. जीएसटीची विवरणपत्रे भरून उठल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते, ते यामुळे.

आवक

डोळ्यांतील पाणी म्हणजे केवळ खारट पाणी नव्हे. त्यात तीन घटक असतात. सर्वांत आत चिकट श्लेष्मा, ज्यामुळे पाणी बुबुळाला धरून राहते, मध्ये पाणी, आणि वर पापण्यांतील ग्रंथींचे तेल, ज्यामुळे ते लवकर उडून जात नाही. पाण्याची मुख्य ग्रंथी खोबणीच्या छतात, भुवईच्या कानशिलाकडील टोकाखाली असते. तिला मदत करणाऱ्या लहान ग्रंथी पापण्यांच्या आतल्या अस्तरात असतात. अश्रूंमध्ये जंतूंना मारणारे एक द्रव्य असते. ते अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये जगापुढे आणले, म्हणजे पेनिसिलिनच्या शोधापूर्वी सहा वर्षे.

येथे एक विरोधाभास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. उतारवयात तेल कमी पडते किंवा बिघडते, डोळा कोरडा होतो, चुरचुरतो. आणि ती चुरचुर शमवण्यासाठी मुख्य ग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. म्हणजे डोळ्यांतून पाणी वाहते आहे आणि दोष कोरडेपणाचा आहे, असे होऊ शकते. धूर, हळदीची किंवा मिरचीची धूळ, पापणीचा आत वळलेला केस यांनीही आवक वाढते. पण वहिनींची आवक वाढलेली नव्हती.

जावक

आरशासमोर उभे राहून खालची पापणी आतल्या कोपऱ्याजवळ किंचित ओढून पाहिली, तर कडेवर सुईच्या टोकाएवढे एक छिद्र दिसते. वरच्या पापणीलाही तसेच एक असते. या छिद्रांतून सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या बारीक नळ्या नाकाच्या मुळाशी असलेल्या अश्रुपिशवीत जातात. पिशवी सुमारे बारा ते पंधरा मिलिमीटर उंचीची. तिच्यातून खाली निघालेली नळी हाडाच्या बोगद्यातून नाकात उघडते. रडताना नाक का वाहते आणि डोळ्यात घातलेले औषध घशाशी कडू का लागते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ही वाट आहे. पापणी मिटताना पिशवीवर ताण पडून पाणी आत ओढले जाते, म्हणजे पापणी हा या मोरीचा पंपही आहे. वयानुसार खालची पापणी सैल होऊन बाहेर वळली, तर छिद्र पाण्यापासून दूर जाते आणि पाणी गालावर ओघळते.

सांगलीकरांना याहून अधिक सांगणे नको. पाऊस नेहमीइतकाच असला तरी नाला बुजला की पाणी घरात येते. वहिनींची खालची नळी बंद झाली होती. पाणी पिशवीत साचून राहिले, साचलेल्या पाण्यात जंतू वाढले आणि पिशवीत पू झाला. हा विकार चाळिशीनंतरच्या स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा अधिक आढळतो; त्यांची नळी मुळात अरुंद असते हे त्याचे एक कारण सांगतात. आपल्याकडे तो नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे शहात्तर विकार मोजले आहेत. त्यांतील एकवीस पापण्यांचे आणि नऊ डोळ्याच्या सांध्यांचे, आणि या नवांमध्ये ‘पूयालस’ नावाचा, पू वाहणारा विकार आहे. आजचे अभ्यासक त्याची तुलना अश्रुपिशवीच्या याच दुखण्याशी करतात.

आता शस्त्रक्रिया का पुढे ढकलली, हे उघड होईल. पिशवीतील पू डोळ्यापासून एका छिद्राच्या अंतरावर असतो. तशा स्थितीत मोतिबिंदूसाठी डोळा उघडला आणि जंतू आत शिरले, तर संपूर्ण दृष्टी जाऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी अश्रुमार्ग तपासण्याची पद्धत आहे. डोळा बधिर करून छिद्रातून बोथट, बारीक नळीने मिठाचे निर्जंतुक पाणी सोडतात. घशाशी खारट लागले तर वाट मोकळी. वहिनींना विचारले, “आजी, खारट लागले का?” त्यांनी मान हलवली, “नाही.” पाणी उलट गालावर आले.

हा दोष थेंबांनी जात नाही. पिशवी आणि नाक यांच्यामधील पातळ हाडात खिडकी पाडून दोहोंची अस्तरे जोडायची, म्हणजे बंद नळीला वळसा घालून नवी वाट काढायची, अशी शस्त्रक्रिया इटलीतील अ‍ॅदिओ तोती यांनी १९०४ मध्ये मांडली. पद्धती सुधारल्या, तरी तत्त्व आजही तेच आहे. नाकाच्या बाजूला लहानसा छेद घेऊन किंवा दुर्बिणीने नाकातूनच ती करतात आणि बहुतेक रुग्णांना तिचा कायमचा गुण येतो. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय उभारले तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकातील रुग्ण या गावी येतात. अशी सोय दहा-बारा किलोमीटरवर असताना आम्ही सहा वर्षे समजूत घालत बसलो.

घरच्या घरी ताळा

डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या काही गोष्टी आपल्या उपयोगी पडतील, म्हणून त्या एकत्र देतो.

एकाच डोळ्यातून सतत पाणी येत असेल, सकाळी कोपऱ्यात चिकट घाण साचत असेल, किंवा नाकाच्या मुळाशी गाठ, लाली, वेदना असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे. गाठ स्वतः फोडू नये. मोतिबिंदूच्या शिबिरात नाव नोंदवताना पाणी येत असल्याचे आपणहून सांगावे. शिबिराची तारीख चुकेल म्हणून लपवू नये.

औषधाच्या दुकानातून ‘डोळ्यांचे थेंब द्या’ म्हणून आणलेल्या बाटलीत स्टेरॉइड असू शकते. ते काही दिवस बरे वाटायला लावते, पण दीर्घकाळ वापरल्यास डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतिबिंदूही लवकर होतो. आमच्या घरातही अशी एक बाटली निघाली.

थेंब घालताना एका वेळी एकच पुरे. डोळ्यात तेवढाही मावत नाही. नंतर डोळा मिटून आतल्या कोपऱ्यावर एक-दोन मिनिटे बोट दाबून धरावे. औषध डोळ्यात टिकते आणि घशात उतरत नाही. काचबिंदूचे काही थेंब नाकावाटे रक्तात जाऊन दम्याच्या रुग्णाला त्रास देतात, त्यांनी तर हे विसरूच नये. अठ्ठाईच्या किंवा चोविहाराच्या काळात घशाशी कडू लागते म्हणून काही मंडळी काचबिंदूचे थेंब परस्पर बंद करतात. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. तपश्चर्येपूर्वी डॉक्टरांना व महाराजसाहेबांना विचारून थेंबांच्या वेळा ठरवाव्यात, पण बंद करू नयेत.

नवजात बाळाचा डोळा गळत असेल, तर बहुधा नळीच्या तळाशी असलेला पातळ पडदा उघडायचा राहिलेला असतो. बहुतेक बाळांत तो वर्षभरात आपोआप उघडतो, आणि डॉक्टर आईला कोपऱ्यावर बोटाने मालिश करण्यास शिकवतात. काजळ किंवा सुरमा घालणे हा त्यावरील उपाय नव्हे; काहींमध्ये शिसे आढळले आहे.

वहिनींची अश्रुमार्गाची शस्त्रक्रिया दिवाळीपूर्वी झाली. मोतिबिंदूची त्यानंतर, डॉक्टरांनी जखम भरल्याची खात्री करून घेतल्यावर. नातीच्या लग्नात त्या नुसत्या चष्म्याने, धूसर डोळ्यांनीच बसल्या, कारण तोवर दुसरी शस्त्रक्रिया व्हायची होती. आम्ही वर्षभर आधी गेलो असतो तर त्यांनी वधूचा चेहरा स्वच्छ पाहिला असता. ही तूट भरून निघण्यासारखी नाही.

अलीकडे सांगलीस गेलो तेव्हा मी धीर करून विचारले, “वहिनी, इतकी वर्षे आपण सांगितले का नाही?”

त्या म्हणाल्या, “भाऊजी, पहिल्यांदा सांगितले होते, डोळा गळतो म्हणून. सारे म्हणाले, रडू नका. मग मलाही वाटू लागले की मी रडतेच आहे. आणि तुम्ही सगळे इतक्या मायेने जवळ बसत होता, की पुढे सांगवेना.”

बंधूंची तसबीर समोरच होती. त्या दिवशी प्रथमच मी त्यांचा विषय काढला आणि आम्ही दोघे बराच वेळ बोलत बसलो. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. मी पाहून घेतले. ते दोन्ही डोळ्यांत होते.